अहो, त्यांच्या हॉलचा रंग बघितलात का?

अहो, ऐकलंत का? या, जरा असं कुंपणाजवळ या, मोठ्यानं बोलण्यासारखं नाहीये. कोपऱ्यावरच्या बंगल्यात हॉल रंगवला ना नवा, सूनबाईंच्या पसंतीनं... त्यावरून सत्यनारायणाच्या दिवशी जे रामायण घडलं! तुम्ही प्रसाद घेऊन लवकर निघालात, तुमचं हुकलंच.

रंग कुठला ते तुम्हाला ठाऊकच आहे. कॉस्मिक लाटे. हो हो, तोच तो, अख्ख्या विश्वाचा सरासरी रंग. सूनबाईंनी लॅपटॉपवर शोधला, आकडे दुकानात नेऊन दिले, 255, 248, 231, आणि मशीनवर जमेल तितका जवळचा शेड करून आणला. लाल पुरता, हिरवा कणभर कमी आणि निळ्याच्या बाबतीत हात आखडता, म्हणून त्या पांढऱ्याला ऊब. दिसतो अगदी सायीसारखा. सासूबाईंना झेंडूपिवळा हवा होता, पण त्या गप्प बसल्या. गप्प म्हणजे कशा, ते तुम्ही ओळखताच.

आरती झाली, शिरा वाटला, आणि मावससासूबाईंनी मान वर करून विचारलं, "रंग जुनाच ठेवलात वाटतं? पिवळट पडलाय हो." अहो, सूनबाईंचा चेहरा! मी समोरच बसले होते ना, घास तसाच हातात. सासूबाई लगेच, "मी म्हणतच होते." म्हणत कुठे होत्या? पण संधी कोण सोडतंय...

संध्याकाळी पेंटरला बोलावणं गेलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, डबा तोच, रंग तोच. शेड कार्ड लावून बघा." लावलं. तंतोतंत जुळलं. म्हणजे दुकानदार सुटला, पेंटर सुटला. मग दोष कुणाचा?

तर काय सांगत होते, हां, धाकटी नणंद. इंटिरियरचा कोर्स करते ती. तिनं चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाली, "वहिनी, चूक भिंतीची नाही, शेजाऱ्यांची आहे." मी दचकलेच! मला वाटलं, आपल्यालाच बोलतेय. पण तिचा रोख होता छताकडे. छत दिलंय झगझगीत पांढरं, निळसर झाक मारणारं. खाली सोफा थंड राखाडी. आणि उजेडाला 6500 केल्विनची ट्यूब. असल्या संगतीत मऊ रंग पिवळट दिसला तर नवल काय?

म्हणे पॅरिसला गोब्लँच्या कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं होतात तिथे, हीच तक्रार आली होती. काळा रंग फिका पडतो म्हणून. रंगखात्याचे प्रमुख होते शेव्रल. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट काहीच नाही, शेजारच्या धाग्यांचे रंग त्याचा जोर खात होते. 1839 साली त्यावर मोठं पुस्तकच लिहिलं त्यांनी. वयाच्या 102 व्या वर्षापर्यंत जगले, म्हणजे लोकांच्या तक्रारी काही मनाला लावून घेतल्या नसाव्यात.

आणि त्या विश्वाच्या रंगाचं तरी काय कमी झालं होतं? ग्लेझब्रुक आणि बाल्ड्री, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असलेले खगोलशास्त्रज्ञ. दोन लाखांवर आकाशगंगांचा उजेड एकत्र केला आणि 2002 च्या जानेवारीत सांगून मोकळे, विश्व फिकट हिरवट-निळं आहे! सगळीकडे छापून आलं. आणि मार्चमध्ये शब्द परत. का, तर प्रोग्रॅममध्ये पांढरा कशाला धरायचं, तेच चुकलेलं. चेहरे कसे झाले असतील हो! मग नावासाठी मतं मागवली. सर्वात जास्त मतं पडली 'कॅपुचिनो कॉस्मिको'ला, पण यांना आवडलं 'लाटे', म्हणून लाटे. मला आपल्या कॉलनीच्या कमिटीचीच आठवण आली.

तर नणंदबाईंनी भिंतीला हातही लावला नाही. ट्यूब काढून 3000 केल्विनचे दिवे लावले. पडदे कोऱ्या मांजरपाटाचे, धुवट नाही हं, धुवट पांढरा परत भिंतीला मळकट करतो. सोफ्यावर गेरूच्या रंगाची चादर. तिचं गणित साधं, 60 टक्के तो सायीचा, 30 टक्के सागवानी झोपाळा, कपाट, गेरू, आणि उरलेला 10 टक्के एकदम गडद. त्यासाठी सासूबाईंचं गर्द निळं इरकली लुगडं फाडून उशांची कव्हरं शिवली. हो, फाडून! विचारून की न विचारता, ते अजून कळलेलं नाही... पण दिसतं काय सुरेख! निळ्याजवळ ती भिंत अशी उजळते, की बघत राहावं. नाहीतर आमच्या मागच्या गल्लीत बघा, भिंत बदामी, पडदे बदामी, फरशी बदामी. दहा मिनिटांत जांभया. आणि कुणी फिक्या गुलाबी उशा सुचवल्या तर ऐकू नका, दोन्ही रंग पचपचीत होतात.

काल मावससासूबाई परत आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "अगंबाई, नवा रंग दिलात? छान केलंत." आणि सासूबाई काय म्हणाल्या असतील? "माझीच निवड हो." सूनबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या!

छत तेवढं राहिलंय. त्यालाही भिंतीच्याच जातीतला पांढरा द्यायला हवा, पण पेंटर वेगळे पैसे मागतोय आणि घरात कुणी खिशात हात घालत नाही. माझं विचाराल तर मावससासूबाईंनी द्यावेत. तोंड त्यांनी उघडलं होतं.