आम्ही तीन काढल्या, तो शून्यावर गेला

लहान मुलांच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर, चुन्याच्या रेषेवर आणि बहुतेक वेळा रेषेच्या आतच उभे असलेले गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. त्यामुळे त्यांची चेहरेपट्टी सांगत बसत नाही. पायात स्लिपर, एका हातात मुलाची पाण्याची बाटली, खिशात भिजवलेल्या बदामांची पुडी आणि नजर बारा वर्षांच्या चिरंजिवांच्या डाव्या कोपरावर. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात हे गृहस्थ चोपडा-अमळनेरकडच्या मराठीत बोलतात आणि अडाजण-पालकडे गुजरातीत, पण व्याकरण दोन्हीकडे एकच. चिरंजिवांनी विकेट काढल्या की वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी होतो : “आम्ही आज तीन काढल्या.” चिरंजीव पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवून घेऊन परतले की तोच कर्ता तृतीयपुरुषी एकवचनात जातो : “तो शून्यावर गेला.” दोन वाक्यांमध्ये फार तर अर्धा तास गेलेला असतो. तेवढ्या वेळात एक अख्खं कुटुंब क्रिकेटमधून निवृत्त होतं आणि मैदानावर एकटं पोरगं उरतं.

हे नुसतं जिभेचं घसरणं आहे असं समजू नका, त्याला काटेकोर नियम आहेत. “आम्ही ओपनिंगला जातो”, “आम्हाला इनस्विंग जमायला लागलाय”, “आमची निवड पक्की होती, पण राजकारण झालं” ही सारी वाक्यं शुद्ध. “आम्ही सोपा झेल सोडला” हे वाक्य मात्र कोणत्याही बाउंड्रीवर ऐकू येणार नाही. झेल नेहमी “तो” सोडतो, आणि तोही “सांगून सांगून थकलो तरी”. सरांनी कौतुक केलं तर ते “आमचे सर”, खालच्या क्रमांकावर खेळायला पाठवलं तर “ते सर”. तिसरं सर्वनाम क्लबसाठी राखून ठेवलेलं असतं. पाण्याचा जार रिकामा झाला, नेटला भोक पडलं, प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी सापडली नाही, की हे गृहस्थ विचारतात, “ते लोक करतात तरी काय?” ते लोक म्हणजे नक्की कोण, हे त्यांना कुणी विचारत नाही. वस्तीतला क्लब हा दोन-चार उत्साही माणसं आणि तीस-चाळीस पालक मिळूनच झालेला असतो. दोन-चार उत्साही माणसं वजा केली, तर “ते लोक” म्हणजे विचारणारे गृहस्थ स्वतःच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पालकाची जबाबदारी ही मुळात सर्वनामांची अदलाबदल आहे. जिथे आपण “आम्ही” म्हणतो तिथे “तो” म्हणायचं आणि जिथे “ते” म्हणतो तिथे “आपण”. धावा, विकेटी, झेल, रुसवे आणि शून्यसुद्धा मुलाच्या खात्यावर. मॅट, पाणी, चुना, स्कोअरबुक आणि वेळेवर येणं आपल्या खात्यावर. सिमेंटच्या खेळपट्टीवर अंथरायची ती काथ्याची मॅट एकदा जवळून पाहावी. रात्रीच्या दवाने भिजली की तिचं वजन दुप्पट वाटतं. गुंडाळी उलगडताना एक टोक हटकून तिरकं जातं. मग दोन माणसांनी दोन्हीकडून ताणून धरायची, तिसऱ्याने कडेला खिळे ठोकायचे, चौथ्याने ते मोजायचे. मोजणारा माणूस फार महत्त्वाचा, कारण न मोजलेला खिळा पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी बुटातून वर येतो. या कामाला टाळ्या पडत नाहीत, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. अशा वेळी बाउंड्रीवरचे बाबा हात मागे बांधून उभे असतात आणि मॅट अंथरणाऱ्यांना सांगतात, “तिरकी जातेय बघा.”

यावर पहिला आक्षेप तयारच असतो : आम्ही फी भरतो, मग मॅट आम्ही का उचलायची? आक्षेप अगदीच पोकळ नाही. फी भरून भरपूर माणसं ठेवणाऱ्या मोठ्या अकादमीत तो चालूनही जाईल. पण वस्तीतल्या क्लबची फी ही किंमत नसते, ती वर्गणी असते, आणि हा फरक मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये. हेच गृहस्थ भाद्रपदात गल्लीतल्या गणेश मंडळाला वर्गणी देतात आणि वर रात्री दोनपर्यंत मांडवाचे बांबू बांधतात. तिथे पावती दाखवून “आता बाप्पाला तुम्हीच उचला” असं कुणी म्हणत नाही. तिथे त्यांच्या तोंडी एकच सर्वनाम असतं : “आपलं मंडळ.” मराठीला “आम्ही” आणि “आपण” असे दोन वेगळे शब्द मिळाले आहेत. पहिल्यात समोरचा वगळलेला असतो, दुसऱ्यात धरलेला. शेजारच्या गुजरातीतही हा भेद आहे, हिंदीला एकट्या “हम”वर भागवावं लागतं. एवढी सोय हाताशी असताना क्लबच्या मैदानावर “आपण” हा शब्द वर्षातून एकदाच, फोटो काढताना, ऐकू यावा हे काही बरं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बापाने लक्ष घातलं नाही तर पोरगं घडणार कसं? पुराव्याला नाव थेट सुरतेचंच काढलं जातं. हार्दिक पंड्याचा जन्म १९९३चा, सुरतेतला. वडिलांचा इथे मोटारींच्या कर्जाचा छोटा व्यवसाय होता. मुलांना क्रिकेटचं चांगलं प्रशिक्षण मिळावं म्हणून तो बंद करून त्यांनी बिऱ्हाड बडोद्याला हलवलं आणि मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घातलं. बाउंड्रीवरच्या बाबांना यातलं बिऱ्हाड हलवणं तेवढं आठवतं. पुढचा भाग ते विसरतात, आणि खरा धडा तिथेच आहे. ज्या माणसाने मुलांसाठी धंदा मोडला, त्याने मुलांच्या हातात बॅट कशी धरायची हे सांगण्याचं काम मोऱ्यांवर सोपवलं. बापाने त्याग केला, कोचिंग केलं नाही. आता कुणी म्हणेल की त्याच सुरतेत, त्याच १९९३ साली जन्मलेल्या हरमीत देसाईला टेबल टेनिसचे पहिले धडे घरातच मिळाले आणि त्याने २०१८ आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाबरोबर सुवर्ण मिळवलं. ते मान्य आहे. ज्याला खेळ येतो त्याने जरूर शिकवावं. पण बाउंड्रीवरून “कोपर वर! कोपर वर!” असं ओरडणाऱ्या बाबांना कोपराविषयी जे माहीत आहे, ते त्यांनी आदल्या रात्री साडेअकराला मोबाइलवर पाहिलेलं असतं, आणि तेही डावखुऱ्या फलंदाजाचं.

त्याहून बोलका पुरावा दादरच्या शिवाजी पार्कवरचा आहे. १९८४ साली अजित तेंडुलकरने अकरा वर्षांच्या भावाला रमाकांत आचरेकरांकडे नेलं. सर समोर उभे राहून बघत असताना सचिनला नीट खेळताच येईना. तेव्हा अजितने सरांना विनवलं की याला आणखी एक संधी द्या, पण तुम्ही निघून गेल्यासारखं करा. सरांनी मग झाडाआडून पाहिलं असं सांगतात, आणि पोरगा सुटून खेळला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आचरेकरांसारख्या माणसाची नजरसुद्धा एका मुलाला जड झाली, तर बदामाची पुडी खिशात घेऊन दर चेंडूला दोन सूचना देणारी नजर किती जड होत असेल! आपल्या जुन्या तालमींना ही गोष्ट आचरेकरांच्या आधीपासून माहीत होती. तालमीत बाप पोराला वस्तादाच्या पायावर घालायचा, घरून दूध, तूप, बदाम असा खुराक पुरवायचा आणि घरी जायचा. डाव वस्तादाचा, कस पोराचा, खुराक बापाचा. हौद्याच्या काठावर उभं राहून “धोबीपछाड मार!” असं ओरडणाऱ्या बापाला वस्तादाने बहुधा हौद्यात उतरवलं असतं.

आता जग कुठे चाललं आहे ते पाहू. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या निकालांच्या याद्या आणि क्रमवाऱ्या तिथे लावत नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाआधी नाही. हा देश जेमतेम ५५ लाख लोकांचा. २०११च्या जनगणनेत एकट्या सुरत महापालिकेची वस्ती ४४ लाखांवर होती. तरीही २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने ३९ पदकं घेतली. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, म्हणून सगळं श्रेय या नियमांना देता येणार नाही. पण मुलांचे आकडे झाकून ठेवल्याने देश खेळात मागे पडतो, एवढी भीती तरी निराधार ठरते. आपल्याकडे अहमदाबादच्या क्रिकहिरोज ॲपवर गल्लीतल्या सामन्याचाही चेंडू न् चेंडू नोंदवला जातो. ॲप चांगलं आहे. स्कोअर लिहायला बसणाऱ्या पालकाच्या हातात ते शोभून दिसतं. पण सामना संपण्याआधीच त्याचा स्क्रीनशॉट अमळनेरच्या मामांपासून नंदुरबारच्या आत्यापर्यंत जातो, खाली “आम्ही ३४ नाबाद” असं लिहिलेलं असतं, आणि मामांचा अंगठा येईपर्यंत पोराला पाणीही विचारलेलं नसतं.

या “आम्ही”चं टोक गाठलं जातं ते जन्मदाखल्यावर. राहुल द्रविडने २०१५च्या पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीवर बोट ठेवलं आणि सामनानिश्चिती चूक असेल तर वय लपवणं वेगळं कसं, असा प्रश्न केला. भारतीय क्रिकेट मंडळ वय तपासण्यासाठी मुलांच्या मनगटाच्या हाडाची क्ष-किरण तपासणी करतं, ती याच कर्तबगारीमुळे. दाखल्यावरचं वय काही बारा वर्षांचं पोर बदलत नाही. तो विक्रम “आम्ही”च करतो, आणि पकडला गेल्यावर बंदी येते ती “त्या”च्यावर. मुलींच्या बाबतीत हेच सर्वनाम उलट्या रीतीने वागतं. खो-खोत सगळ्यांना चकवणारी पोरगी नववी-दहावीत गेली की “आम्ही आता अभ्यासाकडे लक्ष देतोय” असा निरोप येतो. त्या “आम्ही”त तिला धरलेलंच नसतं.

इतकं बोलल्यावर या गृहस्थांची बाजू मांडणं भाग आहे, आणि ती जरा अवघड जागची आहे. ते इतक्या मोठ्याने का ओरडतात? उधना-लिंबायतकडच्या अनेकांच्या बाबतीत कारण साधं आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या चालणाऱ्या लूमच्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. वीस वर्षं धोट्याच्या खडखडाटात काढली की माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटेनासा होतो आणि कानही पूर्वीचे राहत नाहीत. ते “आम्ही” का म्हणतात, याचंही कारण तिथेच सापडेल. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीत बसून खानदेशातून सुरतेला आलेला माणूस कमावतो एकटा, पण त्याचा हिशेब कधीच एकवचनी नसतो. खोलीचं भाडं आम्ही, गावाकडचं कर्ज आम्ही, बहिणीचं लग्न आम्ही. “मी खेळतो” हे वाक्य म्हणायचं त्याचं वय या हिशेबातच निघून गेलं. त्यामुळे बारा वर्षांचं पोरगं पांढरे कपडे घालून क्रीजवर उभं राहतं, तेव्हा बाउंड्रीवर उभा असलेला माणूसही बारा वर्षांचाच असतो. फक्त त्याला बॅटिंग कधी मिळालेली नाही. रात्रपाळी करून, न झोपता, मैदानावर येऊन उभं राहणाऱ्याला “येऊ नका” असं सांगणारा निबंध लिहायचा माझा मुळीच इरादा नाही. बाउंड्रीच्या दुसऱ्या बाजूला काही मुलं अशीही असतात की ज्यांच्यासाठी कुणीच आलेलं नसतं, आणि त्यांना विचारलं तर थोडा आरडाओरडाही चालेल.

पण म्हणूनच या माणसाला सर्वनाम बदला असं सांगावंसं वाटतं. जे स्वतःला मिळालं नाही ते मुलाला द्यायचं असेल, तर “मी खेळतो” हे वाक्य आधी पूर्ण मुलाचं होऊ द्यायला हवं, त्यातल्या शून्यासकट. नाहीतर दोन-तीन वर्षांत पोरगं पंधराचं होतं आणि एका रविवारी बूट घालता घालता, वर न बघता म्हणतं, “बाबा, तुम्ही नका येऊ.” त्यानंतर झाडाआड उभं राहावं लागतंच. ते आधीच उभं राहिलेलं बरं. तोवर “आपण” म्हणायची हौस असेल, तर तिची सोय आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मॅट अंथरायची असते, आणि तिला चार माणसं लागतात.