तोंड फळ्याकडे, पाठ मोबाईलकडे

अकलूजच्या एखाद्या माध्यमिक शाळेत नवे सर नववीच्या वर्गावर येतात. वर्तुळ काढायला फळ्याकडे वळतात. तेवढ्यात मागच्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकून मोबाईल उभा राहतो. पंधरा सेकंदांचं चित्रण, त्यावर गाणं, आणि मधल्या सुट्टीच्या आत सरांची रील पार वेळापूर-माळीनगरपर्यंत पोचते. आता सरांनी करायचं काय? मोबाईल काढून घ्यायचा? ठेवायचा कुणाकडे? आणि उद्या त्याच वर्गावर जायचं कोणत्या तोंडानं?

याचा सराव त्यांच्याकडून करून घेतलाय कुणी? बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, 20 आठवड्यांची आंतरवासिता आली. पण सूक्ष्म अध्यापनात समोर ‘विद्यार्थी’ म्हणून बसतात ते सोबतचे छात्राध्यापकच. शहाण्या मुलासारखे हात वर करतात, टाचणात लिहिलेलंच उत्तर देतात. पुढे 150 गुणांची शिक्षक पात्रता परीक्षा, 200 गुणांची अभियोग्यता चाचणी. दोन्ही पर्याय निवडण्याच्या. वर्ग सांभाळता येतो का, हे त्यातून कळणार कसं?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा बंद केली, ते उत्तमच झालं. पण छडी गेली, तिच्या जागी काय, हे शिकवायचं राहूनच गेलं.

‘मोबाईलवर बंदी घाला’ हे उत्तर अपुरं आहे. अकलूजच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावून मोबाईलला अभ्यासाला जुंपलं. 2020 मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. मोबाईलला काम दिलं की तो वर्गाच्या कामी येतो, रिकामा राहिला की वर्ग मोडतो. मात्र एका डिसले गुरुजींवर जिल्हा भागणार नाही. ही हातोटी प्रत्येक नव्या शिक्षकाच्या हाती यायला हवी.

त्यासाठी नवं अनुदान नको. सूक्ष्म अध्यापनात दोघांना मुद्दाम खोड्या काढायला बसवा. एकानं चोरून चित्रण करावं, दुसऱ्यानं एआयकडून निबंध लिहून आणावा. समोरच्या छात्राध्यापकानं आवाज न चढवता मोबाईल बाकावर पालथा ठेवून घ्यावा, वाद तासानंतर एकट्याशी मिटवावा, निबंधातलं वाक्य तोंडी समजावून मागावं. चुकला तर पुन्हा करावं. शाळेनंही एका पानाचा नियम लावावा: मोबाईल कोण घेईल, कुठे ठेवेल, पालकांना कधी बोलावेल.

अकलूजच्या शिक्षण संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवणारे जुने शिक्षक आहेत. नव्या शिक्षकाच्या, म्हणजे शिक्षणसेवकाच्या, पहिल्या सत्रात त्यांना आठवड्यातून एक तास त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबवून घेता, मग त्याला वर्गात एकटं सोडू नका. वर्ग हाताबाहेर गेला की बोल शिक्षकाला लावतात; त्याला तयार न करताच वर्गावर धाडणाऱ्यांनाही तो लावा.