आवाज भारदस्त, कर्ता बेपत्ता

प्रचाराच्या व्हिडीओचं व्याकरण शाळेत शिकवत नाहीत, हा अभ्यासक्रमातला मोठाच दोष आहे. तसं ते सोपं आहे. भूतकाळ विरोधकांचा, भविष्यकाळ आपला आणि वर्तमानकाळ फक्त हात जोडण्यापुरता. रस्त्याची चाळण झाली ती 'त्यांच्या काळात', तो गुळगुळीत होणार तो 'येत्या पाच वर्षांत'. मधल्या काळात त्यावरून जो पडतो, त्याची वेळच वाईट.

मग तो खर्जातला आवाज. 'जनतेनं ठरवलंय!' रील बघेपर्यंत जनतेला याचा पत्ता नसतो. 'विकासाची गंगा आली' म्हणतात. कुठून आली, किती आली, नळाला कधी येणार, हे विचारायच्या आत ढोल-ताशा सुरू होतो. ड्रोनही इतका उंच नेतात, की गर्दी दिसावी आणि खड्डे दिसू नयेत.

खरे हाल झाले ते व्हिडीओ एडिट करणाऱ्या पोरांचे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मागच्या व्हिडीओत ज्यांना गाडायचं होतं, ते या व्हिडीओत शेजारच्या खुर्चीवर! संगीत तेच, स्लो मोशनमधली चाल तीच, 'निष्ठा'ही तीच. उपरण्याचा रंग तेवढा बदलायचा.

या खेळातला एकच डाव मला मनापासून आवडला होता. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी एकही उमेदवार दिला नाही, पण 'लाव रे तो व्हिडीओ' म्हणत सत्ताधाऱ्यांचीच जुनी भाषणं पडद्यावर लावली. मेळघाटातलं हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून जाहिरातीत झळकलं होतं. त्या जाहिरातीतला लाभार्थी तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणून उभा केला. विशेषणांना पुराव्यानं उत्तर! पुढे २०२४ च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवर त्यांनी नरेंद्र मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. व्हिडीओंनी मात्र अजून पाठिंबा दिलेला नाही. ते यूट्यूबवर आपल्या जुन्या मताला चिकटून आहेत. महाराष्ट्राच्या राजकारणात एवढी निष्ठा हल्ली दुसरीकडे सापडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, २०१९ मध्ये हे पुरावे पाहून मतदार हलला असेल. सभांना गर्दी झाली, टाळ्या पडल्या, व्हिडीओ घरोघरी फिरले. मग निकाल लागला: ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला.