पावतीवर बापाचं नाव नाही

लकडी पूल ओलांडून माउलींचा रथ अलका चौकात येतो, तेव्हा नारायण पेठेतली आमची अख्खी आळी रस्त्याच्या कडेला उभी असते. पादुकांना हात जोडून होतात आणि शेजारचे काका विचारतात, "जोडी केवढ्याला आणली असेल हो?" दर वर्षी हाच प्रश्न, आणि उत्तराचा आकडा दर वर्षी वर चढलेला. रथाच्या जोडीचा मान आळंदीतल्या घराण्यांकडे असतो. ज्यांचा मान, ते बाजारामागून बाजार पालथे घालून बैल निवडतात. काकांच्या प्रश्नात काही वावगं नाही. मला फक्त त्यापुढचा प्रश्न हवा आहे: या बैलांच्या आया कुणाच्या गोठ्यात आहेत, आणि त्या सांभाळणाऱ्याच्या हातात काय पडलं?

जातिवंत खिल्लार खोंडाला आज लाखांत बोली लागते. हे एका दिवसात झालं नाही. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या. शर्यतीचा बैल नुसता दावणीला उभा राहून खाऊ लागला. माणदेशातल्या कित्येकांनी जनावरं कमी केली, काहींनी दावणच मोडली. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. घाट पुन्हा गजबजले, खरेदीदार पैसे घेऊन बाजारात आले. खोंड मात्र आले नाहीत. येणार कुठून? खिल्लार कालवड पहिल्यांदा विते तीच साधारण चौथ्या वर्षी. पोटात नऊ महिने, आणि वासरू पळण्याजोगं व्हायला आणखी दोन-तीन वर्षं. बंदीच्या काळात विकून टाकलेली गाय निकालाच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात परत येत नाही.

यात 2015 चा कायदा धरा. गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, गोठ्याचा हिशेब त्या दिवशी बदलला. थकलेल्या जनावराची किंमत शून्यावर आली आणि तो सगळा भार तरण्या जनावराच्या भावावर पडला. मग 2022 चा लम्पी आला. बाजार बंद, वाहतूक बंद, आणि ऐन उमेदीची जनावरं दारात मेली. त्याआधीच, 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधे, महाराष्ट्रातलं गोधन सुमारे 1 कोटी 55 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर घसरलं होतं.

म्हणजे भाव वाढला तो माल कमी झाला म्हणून. याला पशुपालकाची भरभराट म्हणणाऱ्यांनी एकदा गायवाल्याकडे जाऊन बसावं. खिल्लार ही कामाची जात, दुधाची नव्हे. वासराला पाजून उरतं ते घरच्या चहापुरतं. शिवाय निम्म्या वेळा कालवडच होते. वर्षानुवर्षं कडबा घालायचा आणि एखाद्या खोंडाची वाट पाहायची. तो खोंड झाला की बहुतेक वेळा आदत असतानाच, दात लावायच्या आधी, व्यापारी घेऊन जातो. लाखांचा भाव होतो तो पुढे, दुसा-चौसा झाल्यावर, दोन-तीन हात बदलल्यावर. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला आकडा गायवाल्याच्या कानावर पडतो तो दुसऱ्याच्या तोंडून.

याच गोधनाची किंमत परक्यांनी कशी केली ते बघा. आपल्या आंध्रातला ओंगोल बैल ब्राझीलला गेला आणि तिथे नेलोर झाला. 2023 मध्ये तिथल्या वियातिना नावाच्या एका नेलोर गायीचा फक्त एक तृतीयांश हिस्सा लिलावात विकला गेला. त्यावरून अख्ख्या गायीची किंमत 40 लाख डॉलरांच्या वर ठरली. तिच्या रूपाला इतके पैसे कुणी दिले नसते. तिची आई, बाप, आजा, त्यांची वजनं, त्यांची वासरं हे सगळं वहीत लिहिलेलं आहे. तिथला खरेदीदार पिढ्या विकत घेतो. आपला खरेदीदार शिंगं, वशिंड आणि चाल बघतो आणि उरलेलं नशिबावर सोडतो.

आणि वही करणं आपल्याला अशक्य आहे असंही नाही. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पिवळा बिल्ला टोचला, आकडा संगणकात गेला. मग त्याच आकड्यासमोर आईचा बिल्ला आणि वळूचं नाव भरायला काय अडतं? विक्रीच्या वेळी हे बंधनकारक करा. ज्या गायीचे तीन खोंड घाटात पळाले, त्या गायीची नोंद सापडली की चौथ्याच्या वेळी तिचा मालक दर सांगेल आणि व्यापारी ऐकून घेईल. मला हे लसीइतकंच निकडीचं वाटतं, कारण असल्या गायी रोज कमी होताहेत आणि त्या कोणत्या, हे सरकारी दप्तरात कुठेच नाही.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाबांजवळ उभा होतो. काजळी रंगाचा आदत खोंड होता. सौदा झाला होता, टेम्पो लागला होता. मी विचारलं, "बाबा, याची आई?"

"घरी हाय. ती न्हाय इकायची."

"आणि बाप?"

त्यांनी बाप सांगितला. कोणत्या गावचा, कुणाच्या दावणीचा, डाव्या खुराला काय खूण. मग बापाचा बाप. मग त्याची आई, जी दुष्काळात छावणीत व्याली. पाच-सात मिनिटं ते बोलत होते आणि खोंडाच्या पाठीवरून हात फिरत होता. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या पोराने पावती आणून दिली. मी वाचून दाखवली, बाबांना चष्मा नव्हता. रंग, दात, बिल्ल्याचा आकडा, किंमत.

"एवढंच?" बाबांनी विचारलं. पावती दुमडून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली आणि खोंडाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडून घेतली.