आधी आलेले

परदेशात पाऊल ठेवल्यावर आपल्याला चक्रावून टाकणारा पहिला माणूस आपल्याच गावचा असतो. विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारतो आणि गप्प बसतो. घरमालक करारावर सही घेतो आणि गप्प बसतो. गप्प बसत नाही तो आपल्या आधी आलेला मराठी माणूस.

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये अशांची टंचाई नाही. मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग यांवर जसं पिंपरी-चिंचवड जगतं तसंच हेही शहर जगतं, त्यामुळे तिकडून इकडे माणसांची ये-जा चालूच असते. मुंबई तर 1968 पासून या शहराची अधिकृत भगिनी आहे. तर अशा या माहेरात सगळ्यांत आधी आलेले म्हणजे आमचे दादा. त्यांच्याही आधीचे लोक आहेत, केस पिकलेले डॉक्टर वगैरे. पण त्यांनी आता काही सांगणंच सोडून दिलंय, म्हणून ते धरायचे नाहीत.

दादा मूळचे चिंचवडचे. वय पन्नाशीला टेकलेलं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये घडी केलेली कापडी पिशवी, आणि पँटच्या छोट्या खिशात ट्रॉलीत घालायचं एक युरोचं नाणं. हे नाणं खर्चायचं नसतं. दादांच्या घरात पैसे कमी-जास्त झाले असतील, पण त्या नाण्याला कोणी हात लावलेला नाही. नवा मुलगा आला की दादा त्याला आधी आपादमस्तक बघतात आणि विचारतात, "भाषा?"

"ए-टू झालंय, दादा. मॅक्सम्युलर भवनात."

"ती भाषा झाली. देशाचं ए-वन करायचंय अजून. शनिवारी ये."

शिकवणी घरापासून सुरू होते. पुण्यात बाराशे-पंधराशे चौरस फुटांचे फ्लॅट बघून आलेला मुलगा इथे भाड्याची जागा बघायला जातो आणि स्वयंपाकघर म्हणून त्याला एक रिकामी खोली दाखवतात. भिंतीतून पाण्याचे दोन नळ डोकावतायत, बाकी ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. मुलाला वाटतं, इथे चोरी झाली. दादा हसतात. अहो, ओटा आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेला. तो त्याचाच होता. इथे माणूस घर बदलताना भांड्यांबरोबर सिंकही नेतो, नाहीतर पुढच्याला विकतो. दादांनी आपलं स्वयंपाकघर असंच एका निघालेल्या बाईकडून विकत घेतलं आणि तीन घरांतून फिरवलं. तिसऱ्या घरात त्यातलं एक कपाट मावेना, म्हणून ते झोपायच्या खोलीत आहे. दादांचे मोजे मसाल्याच्या खणात असतात. वहिनींना हे वीस माणसांसमोर सांगितलेलं आवडत नाही, पण दादा सांगतात.

घरानंतर बेल. इमारतीतल्या घरांना नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव, संपलं. तीन मुलं एकत्र राहत असली की बेलच्या बोटभर पट्टीवर बारीक अक्षरात तीन आडनावं चिकटवायची. "पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड परत, विम्याचं कार्ड परत. पेटीवर नाव नाही म्हणजे तू या देशात जन्मलाच नाहीस." मुलगा घाबरून त्याच संध्याकाळी नाव चिकटवतो. आणि त्या पेटीत पहिलं पत्र येतं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. 2021 साली ठरलेला दर, घरटी महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी, रेडिओ नसला तरी, जर्मन कळत नसलं तरी. इथे सगळे नवे पोरगे एकदा तरी तावातावाने दादांकडे येतात. दादा शांतपणे म्हणतात, "भर."

पण दादांचं खरं पांडित्य कचऱ्यात आहे. कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टनं पिवळ्यात, उरलंसुरलं काळ्यात, हे काय कोणीही सांगेल. दादा शिष्याला घेऊन रस्त्याकडेच्या काचेच्या डब्यांपाशी जातात. तिथे तीन तोंडं: पांढरी काच, तपकिरी काच, हिरवी काच. दादा सॅकमधून एक निळी बाटली काढतात. ही बाटली त्यांनी केवळ यासाठी जपून ठेवलेली आहे.

"ही कुठे?"

मुलगा पांढऱ्याकडे बघतो, तपकिरीकडे बघतो.

"हिरव्यात," दादा म्हणतात. "हिरवी काच वितळवताना दुसरा रंग खपून जातो. पांढरीत एक थेंब गेला तरी नासते." हे खरं आहे. दादांचं असंच असतं, अर्धं तंतोतंत खरं निघतं, म्हणून उरलेल्या अर्ध्यावर कोणाला शंका घेता येत नाही. मग ते निळी बाटली परत सॅकमध्ये ठेवतात. त्यात तत्त्वाचाही भाग आहे, कारण तो दिवस बहुधा रविवार असतो आणि रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो.

रविवार हा दादांचा सर्वांत लाडका विषय. दुकानं बंद, भोकं पाडायचं यंत्र बंद, गवत कापायचं यंत्र बंद. भिंतीवर गणपतीची तसबीर लावायला खिळा ठोकायचा असेल तर सोमवारपर्यंत गणपती जमिनीवर. "हे नुसतं कायद्यात नाही, घटनेत आहे," दादा बोट वर करतात. "1919च्या वायमारच्या घटनेतलं कलम, 1949 साली जसंच्या तसं उचललं. कलम 140 बघ. आपल्या घटनेत इतकं सगळं आहे, पण रविवार आहे का?"

इथल्या प्रत्येक विचित्र गोष्टीला दादांकडे कारण असतं, आणि कारणं दोनच आहेत: थंडी आणि युद्ध. लोक रोख पैसे का बाळगतात? युद्ध. रात्री थंड पाव आणि चीज का खातात? युद्ध. भर जानेवारीत, बाहेर पाणी गोठलेलं असताना, सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं का बसतात? थंडी. यातलं शेवटचं पुन्हा खरं. बंद घरात आपण फोडण्या देतो, कुकर लावतो, कपडे वाळत घालतो, ती वाफ गार भिंतीवर बसते आणि बुरशी धरते; मग घरमालक आणि आपण यांचं बुरशीवरून जे सुरू होतं ते वकिलापर्यंत जातं. म्हणून दादांकडे पोहे खायला गेलं की कोट काढायचा नाही. फोडणी झाली की खिडक्या उघडतात, आणि पोहे बशीत येईस्तोवर गार होतात. वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "युद्ध."

दुकानातल्या गल्ल्यावरचे दादा मात्र प्रत्यक्षच बघायला हवेत. इथली गल्ल्यावरची बाई वस्तू मोजत नाही, भिरकावते. पिशवी देत नाही, भरून देणं तर दूरच. आपण पहिलं दुधाचं खोकं पिशवीत घालेपर्यंत तिकडून बटाटे, तेल, टोमॅटो येऊन एकमेकांवर चढलेले असतात, पैशाचा आकडा तिने सांगून झालेला असतो आणि मागच्या रांगेत एक शांतता पसरलेली असते. दादांनी यावर उपाय काढलाय. पट्ट्यावर वस्तू मांडतानाच क्रम लावायचा. आधी बटाटे आणि पीठ, मग दूध, मग डबे, मग फळं, सगळ्यांत शेवटी अंडी आणि कोथिंबीर. आपल्या वस्तू संपल्या की लगेच दांडा ठेवायचा, म्हणजे मागच्याचं सामान आपल्यात मिसळत नाही. दांडा न ठेवणाऱ्याकडे मागचा माणूस बोलत काही नाही, पण बघतो. मग दादा गुडघ्यात किंचित वाकून ट्रॉली गल्ल्याच्या कडेला टेकवतात आणि दोन्ही हातांनी झेलायला लागतात. बाई वेग वाढवते. दादा वाढवतात. कोथिंबीर हवेत असतानाच दादांचं कार्ड यंत्राला टेकलेलं असतं. बाई एक क्षण मान वर करून बघते आणि म्हणते, शुभ दिवस. दादा दिवसभर खुशीत असतात. पंचवीस-पंचवीस सेंटच्या रिकाम्या बाटल्यांची यंत्रातून निघालेली चिठ्ठी वटवायची राहिली, हे घरी आल्यावर वहिनी दाखवून देतात.

दादा खालच्या मजल्यावरच्या आजींना घाबरतात. आठवडा बदलला की आजी दादांच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवतात. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. या भागात याला केरवोखं म्हणतात आणि श्वाबियन, म्हणजे मूळचा इथला, माणूस त्यावरून दुसऱ्याची किंमत करतो. जिना मुळातच आरशासारखा असतो. झाडायला त्यावर काही नसतंच. पण झाडणं दिसायला हवं. म्हणून आजी शनिवारी पाव घेऊन परत येतात त्याच वेळेला दादा पहिल्या पायरीवर झाडू घेऊन उभे असतात, पुरेसे वाकलेले. एकदा आजी म्हणाल्या, कोपरे. तेवढंच. दादांनी तो प्रसंग आम्हाला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलाय, आणि दर वेळी आजींचं वाक्य थोडं मोठं झालंय. वरच्या मजल्यावर दोन जर्मन विद्यार्थी राहतात. त्यांच्या दाराला पाटी आठवडाभर लटकत असते आणि जिन्याला कोणी शिवत नाही. दादा म्हणतात, "बर्लिनचे असणार."

हे उत्तर त्यांना फार ठिकाणी कामी येतं. रात्री अकराला, बर्फ पडत असताना, दोन्ही बाजूंनी एकही गाडी दिसत नसताना दादा पादचाऱ्यांच्या लाल दिव्यापाशी उभे राहतात आणि आम्हालाही उभं करतात. दंड पाच युरो, पण प्रश्न दंडाचा नाही. "लहान मुलं बघतात. त्यांना वाईट वळण लागतं." दादा, अकरा वाजलेत. "खिडकीतून बघत असेल एखादं." तेवढ्यात एक दाढीवाला जर्मन खिशात हात घालून सरळ पलीकडे जातो. दादा त्याच्या पाठीकडे बघत म्हणतात, "बर्लिनचा."

हीच सवय घेऊन ते सुट्टीत पुण्याला गेले आणि अलका टॉकीजच्या चौकात हिरव्या दिव्याची वाट बघत उभे राहिले. दिवा हिरवा झाला, पण गाड्या थांबल्या नाहीत. पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा. शेवटी वाहतूक पोलीस जवळ येऊन म्हणाला, "काका, कोणी यायचंय का तुमचं?" त्यांच्या चुलतभावाने मला खाजगीत सांगितलं की दादा येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवसापासूनच खिडक्या उघड्या ठेवतो, आणि प्लास्टिक कुठल्या डब्यात विचारलं की काहीतरी रंग सांगतो.

एका बाबतीत मात्र दादांची बोलती बंद होते. रेल्वे. 2024 साली इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. दादा यावर थंडी म्हणत नाहीत, युद्ध म्हणत नाहीत, बर्लिनही म्हणत नाहीत. श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन जमिनीखाली न्यायचं म्हणून 2010 पासून गावाच्या मधोमध खणून ठेवलंय. 2019ला सुरू व्हायचं होतं, नव्या तारखा पडतायत. पत्र्यांमधून वळसे घालत, फळ्यांवरून चालत फलाटावर जाताना एकदा दादा थांबले, खड्ड्यात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इथे आलं की कसं घरी आल्यासारखं वाटतं."

मग लगेच मला डावीकडून चालायला सांगितलं, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना, म्हणून.

गेल्या वर्षी कंपनीने दादांना झुरिचला पाठवलं. आम्ही निरोपाला जमलो. दादांनी ट्रॉलीचं नाणं काढून बघितलं, स्विस ट्रॉलीत ते चालेल की नाही याची त्यांना प्रथमच खात्री नव्हती. कोणी काही सल्ला दिला नाही, कोणाची टाप नव्हती. निळी बाटली त्यांनी माझ्याकडे सोपवली.

तिकडे स्टेशनवर त्यांना घ्यायला नाशिकचा एक मुलगा आला होता. चोवीस वर्षांचा, दादांच्या आठ महिने आधी आलेला. रात्री दादांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"मला सांगतोय! मला! म्हणे काका, इथे कचऱ्याची पिशवी पालिकेची विकत घ्यावी लागते, साधी चालत नाही. म्हणे रद्दी अशीच ठेवायची नाही, सुतळीने गठ्ठा बांधायचा. पुठ्ठा वेगळा. स्वतः बांधून दाखवला गठ्ठा."

"मग दादा, चुकीचं सांगत होता का?"

"सांगत होता ते बरोबर होतं रे," दादा म्हणाले. "पण सुतळी एकाच बाजूने फिरवली होती. उचलला की सुटणार. आडवी-उभी घ्यायला हवी. मी सोडला गठ्ठा आणि परत बांधून दाखवला त्याला. शनिवारी ये म्हटलंय."