कारखान्यात मिळणारं म्हातारपण

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ साली त्याने स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तिची दांडी चक्क चार स्क्रूंनी धडाला जोडलेली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. देव्हाऱ्यात मांडायला नव्हे, शनिवारी रात्री बारमध्ये बडवायला केलेली वस्तू.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीची तऱ्हा आणखी गमतीची. १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट रंगाची तिची लेस पॉल गिटार म्हणजे नकुशीच. खप होईना म्हणून कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या इंग्लिश गिटारवादक पोरांनी जुन्या बाजारातून तीच उचलली आणि बाईसाहेब एकदम महाराणी झाल्या. आता एकेक नग लाखो डॉलरला जातो.

एवढा पैसा नसलेल्या भक्तांची सोय फेंडर कंपनीने १९९५ पासून केली आहे. ‘रेलिक’ म्हणून. नव्याकोऱ्या गिटारचा रंग पगारी कारागीर खरवडतात, तिच्या लोखंडाला गंज चढवतात, पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पाडतात, वर सिगारेटचा एखादा चटका. (घरातलं दोन वर्षांचं पोर हे फुकटात करतं.) मग ही जर्जर नवरी साध्या नव्या गिटारपेक्षा कितीतरी चढ्या भावाने विकली जाते. घेणारा ती जपून घरी आणतो, मखमली पेटीत ठेवतो आणि पोराला दम भरतो, “खबरदार हात लावशील तर! ओरखडा पडेल.”