कुरडयांचा आठवडा

गहू भिजत घालायचा की नाही, हा आमच्या सोलापुरातल्या शुक्रवार पेठेच्या घरातला एप्रिलमधला सर्वांत स्फोटक प्रश्न. कुरडई खायला अर्धं मिनिट लागतं म्हणून ती करायलाही तेवढंच लागतं असं वाटणारे पुरुष आहेत. मी त्यांतलाच होतो. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे हिंग-मीठ घालून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्या फिरवायचा. पुढे दोन दिवस कडकडीत ऊन. मोजा, सात भरतात. म्हणजे सोमवारी गहू भिजवणाऱ्या बाईला शुक्रवारचं आकाश आधीच ठाऊक हवं.

गेल्या वर्षी हे घरगुती हवामान खातं माझ्याकडे आलं. पात्रता एवढीच की घरातला नवा फोन माझ्या खिशात होता.

रविवारी रात्री मी जाहीर केलं, "शुक्रवारी पावसाची शक्यता तीस टक्के."

"पस्तीसला पास असतं," बायको म्हणाली आणि सकाळी गव्हात पाणी ओतलं.

मी समजावलं, की हे मार्क नव्हेत. असे दहा शुक्रवार आले, तर त्यांतल्या तीन शुक्रवारी पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ.

"अहो, मग आपला कितवा?"

याचं उत्तर फोनमध्ये नव्हतं.

आई फोनला मानत नाही. पंचांगाला मानते, कारण दाते पंचांग आपल्या सोलापूरचं. शंभराहून अधिक वर्षं निघतंय. त्यात पावसाच्या नक्षत्रांची वाहनं असतात. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस चांगला. पण ही जनावरं मृगाच्या सुमाराला बाहेर पडतात, एप्रिलात सगळी गोठ्यात. दुसरा आधार सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या भाकणुकीचा. जानेवारीत होमप्रदीपनाच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. ते कशाला तोंड लावतं, यावरून काय महागणार ते सांगतात आणि ते मुतलं तर पाऊस चांगला. ते वासरू वर्षाचं बोलतं, शुक्रवारच्या दुपारचं विचारून त्याला लाजवू नये.

मात्र आईचं खरं यंत्र डब्यात असतं. ज्वारीची कडक भाकरी. रोज सकाळी ती एक तुकडा कानाजवळ धरून मोडते. कट्ट वाजला की "वाळेल". न वाजता वाकला की "हवेत ओल हाय". विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं यात खोट काढून दाखवावी. आमची हवा कोरडी असते, त्याचं कारणच तसं आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि पाऊस तिकडेच सांडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. घाट उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते, आणि आमच्या वाट्याला कसेबसे पाच-सहाशे उरतात. म्हणून तर 2018 आणि 2019 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ विमानं घेऊन सोलापूरच्याच ढगांत शिरले आणि त्यांनी कॅल्शियम क्लोराइड या क्षाराचा धूर सोडला. योग्य ढग गाठला तर सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळतो, असा त्यांचा हिशेब निघाला. मी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मिठाशिवाय चीकसुद्धा होत नाही, तो तर ढग."

बुधवारी तिसाचे पन्नास झाले, गुरुवारी वीस. घरात माझी पत खालावली. मी एडवर्ड लोरेन्झचा दाखला दिला. 1961 साली या अमेरिकन माणसानं संगणकात 0.506127 ऐवजी नुसतं 0.506 भरलं आणि पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. आजचं थोडं चुकलं की पाचव्या दिवसाचं पार बदलू शकतं. आई म्हणाली, "चिकात वाटीभर पाणी जास्त पडलं की असंच होतं." मी लोरेन्झ मिटला.

शुक्रवारी सकाळी भाकरी कट्ट वाजली. आठ वाजेपर्यंत चार पातळं भरून कुरडया पसरल्या. दुपारी जमीन तापली, तापलेली हवा वर गेली, आणि तीनच्या सुमाराला दक्षिणेकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहिला. वारा फिरला, धूळ उठली, शेजारच्या गच्चीवरची चादर आमच्या टाकीवर येऊन बसली. "उचला!" एवढाच आदेश. आईनं भाकरीचा तुकडा मोडून पाहिला; तो अजूनही वाजत होता, पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही. आम्ही अर्धवट वाळलेल्या कुरडयांसकट चारही पातळं गुंडाळून जिना उतरलो. मी पहिलं पातळ घेऊन उतरलो आणि त्यावर दुसरं ठेवलं. ते ठेवायचं नसतं, हे मला नंतर सांगण्यात आलं.

पाऊस आलाच नाही. म्हणजे आमच्याकडे. जुळे सोलापुरात मेहुणीच्या शेवया भिजल्या. तिच्या नवऱ्यानं अंदाज बघितलाच नव्हता, आणि तरी माझंच नाव निघालं. वास्तविक अंदाजात "तुरळक ठिकाणी" असं स्पष्ट लिहिलं होतं. हवामानाच्या भाषेत तुरळक म्हणजे केंद्रांपैकी फार तर चौथाई ठिकाणी. उरलेल्या तीन चौथाईत आमची गच्ची होती. अंदाज बरोबर होता, भाकरी बरोबर होती. चुकलं ते उचलणं.

या वर्षी गहू कधी भिजवायचा ते आई ठरवणार आहे. गेल्या वर्षीचा चुरा अजून दीड किलो शिल्लक आहे. कांदा घालून त्याची भाजी फक्कड होते. शुक्रवार पेठेत आलात तर डबा घेऊन या.